गाठ नसती तर

मोहर्ली, १४ डिसेंबर २००२

दिव्यानी,

पाकिटामागं मैत्रिणीचं, रुबीना शेखचं नाव बघून उघडलंस ना? मीच आहे, हेमराज. तुमच्या डी.एड.च्या होस्टेलमध्ये रेक्टरबाई पोरांकडून आलेली पत्रं फोडून वाचतात, असं तूच म्हणाली होतीस. रुबीनाला विचारलं, तुझं नाव टाकू का? म्हणाली, "टाक, पण पत्ता मी लिहिते. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं."

तर मी कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलला उभा होतो, हातात ब्युरेट आणि डोक्यात तुमचं अंगण. सरांनी विचारलं, रीडिंग किती? मी ब्युरेट तिथंच ठेवली, बाहेर आलो आणि परत गेलोच नाही. घरीही नाही. रुबीनाचे मामा वहाबभाई इथं मोहर्लीला जीप चालवतात, लोकांना जंगल दाखवतात. त्यांना हाताखाली माणूस पाहिजे होता. मी जीप धुतो, चाकं बघतो, कधीमधी चालवतोही. मागच्या सीटवर पुण्या-मुंबईचे लोक सारखे "टायगर कुठे आहे, टायगर कुठे आहे" करतात. वाटतं सांगावं, माझ्या खिशात आहे का तो?

आता त्या दिवसाचं. तू म्हणशील, त्याचं काय लिहायचं, मी होतेच की तिथं. होतीस, पण तू चुलीजवळ होतीस आणि मी बाबांच्या शेजारच्या पाटावर. दिवाळीनंतरचे नवे तांदूळ होते. तुझ्या बाबांनी तळ्यावर जाळं टाकून मरळ आणली होती. लग्नाचं बोलणं जेवणं झाल्यावर काढायचं ठरलं होतं. माझ्या बाबांनी दोन घास घेतले. पाणी प्याले. मग उठले, कुंपणामागं गेले आणि तोंडातलं सगळं थुंकून आले. परत पाटावर बसलेच नाहीत. तुझे बाबा भाताची परात धरून उभे. तुझे डोमाभाऊ म्हणाले, "ढिवराच्या हातचं धानवाल्याच्या गळ्याखाली नाई उतरत वाटते." त्यावर बाबा काही बोलले नाहीत. एक शब्द नाही! तसं नाही, एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं.

पुढं मी जे केलं ते अख्ख्या गावानं पाहिलं. बाबांची सायकल उचलून आपटली आणि वळून डोमाभाऊंची कॉलर धरली. दोन्ही बाजूंना मारायला निघालेला माणूस कोणाच्या बाजूचा असतो, हे कोणाला कळणार?

तुझी चिठ्ठी रुबीनानं दिली. "आमच्या हातचं तोंडात घेऊन बाहेर थुंकणारं घर मला सासर म्हणून नको. उत्तर पाठवू नकोस." हे उत्तर नाही. त्या चिठ्ठीला माझ्याकडं उत्तरच नाही, म्हणून नुसतं पत्र लिहितो.

हेमराज


मोहर्ली, ५ जानेवारी २००३

दिव्यानी,

तुझं काही आलं नाही. येणार नाही माहीत होतं, तरी पोस्टमन दिसला की मी जीप सोडून धावतो. वहाबभाई म्हणाले, "काऊन रे, इश्क हाय का दमा? सारखे उसासे टाकून राह्यला." परवा तलावाच्या काठानं वाघीण गेली, सगळे उभे राहून फोटो काढत होते आणि मी बोनेटवर हात टेकून तुझ्या डी.एड.च्या पाठाचा विचार करत होतो. नववीचा का आठवीचा वर्ग मिळाला तुला? चुकलो, डी.एड.ला मोठे वर्ग नसतात. बघ, एवढंही धड सुचत नाही.

रुबीना म्हणते, तुझ्यासाठी आरमोरीकडचा मास्तर पाहिला आहे. नोकरी पक्की. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा झाली की साखरपुडा. हे खरं आहे का? आणि तू हो म्हणालीस का? रुबीना सांगत नाही. नुसती म्हणते, "ती नाही कशाच्या जोरावर म्हणेल? तुझ्या घराच्या?"

त्या रात्री झोप लागली नाही. भिंतीवर बुक्की मारली, हात सुजला. आता क्लच दाबताना नाही पण गिअर टाकताना दुखतं.

काल माय आली होती, दोन बस बदलून. घरचं थोडं काम आहे, म्हणून दोन दिवस गोंडपिपरीकडं जाऊन येतो. विशेष काही नाही.

हेमराज


गोंडपिपरी, १६ जानेवारी २००३

दिव्यानी,

मागच्या पत्रात "विशेष काही नाही" लिहिलं, ते खोटं होतं. मायनं मला शपथ घातली होती. बहिणीचं, मंगलीचं लग्न जमत आलं आहे, सावली तालुक्याकडचे लोक आहेत, आणि घरात कॅन्सर आहे म्हटलं की सोयरे मागच्या पावली फिरतात. पण मी शपथ मोडतो आहे, कारण यात तू आहेस.

बाबांना गिळता येत नाही.

घरी पोचलो तर ओट्यावर बाबा बसलेले. कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखे अंगावर लटकत होते. पुढ्यात वाटी, वाटीत भाकर ताकात कालवून पार पिठलं केलेली. मला पाहून वाटी पाठीमागं सरकवली. लहान पोरं पेरू लपवतात तशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा, माय सारं सांगून राह्यली मले."

"पोळ्यापासून," माय दारातून म्हणाली. "आधी भाकर अडके. मंग भात. भात व माय, भात! आता पेज पेते न् छातीवर हात ठेवून बसते."

पोळ्यापासून, दिव्यानी! आणि डॉक्टरकडं गेलेच नाहीत. का, तर आमच्या गावात डॉक्टरची गरजच नाही. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसाला घशात काही झालं, तर काय झालं ते सगळ्या गावाला आधीच माहीत असतं. बाबा म्हणाले, "गावातल्या झाडूले काय झालं होतं? जबडा सडला त्याचा, मुंबईपर्यंत जाऊन आला न् तसाच मेला. मी बी तोच खर्रा खाल्ला, त्याच ठेल्यावरचा. मंग मले काय येगळं होईन?" स्वतःच तपासलं, स्वतःच निकाल दिला आणि मंगलीचं लग्न होईस्तोवर गप्प बसायचं ठरवलं. एवढं सगळं करून खर्रा सोडला का? नाही. वाटी लपवतात, पुडी लपवत नाहीत.

मी ओरडलो. फार ओरडलो, शेजारचे गोळा झाले. मग परसात जाऊन बसलो आणि तिथं एकदम डोक्यात आलं. पोळ्यापासून. म्हणजे दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे तुमच्या अंगणातसुद्धा.

त्या दिवशी बाबांना घास उतरलाच नव्हता! अडकला, पाण्यानं वर आला, म्हणून ते कुंपणामागं गेले. तुमच्या हातचं म्हणून नाही. आणि आजाराचं नाव नको म्हणून तोंड मिटून उभे राहिले.

आता खरं सांगतो, कोणाला सांगू नकोस. मला आनंद झाला. बापाला गिळता येत नाही, बहुतेक मरणार आहे, आणि पोरगा परसात बसून हसतो आहे. माझ्यासारखा नालायक या तालुक्यात दुसरा नसेल. पण आनंद झाला, तो झाला.

हे पत्र तुझ्या बाबांना दाखव. डोमाभाऊंना दाखव. दाखवशील ना?

हेमराज


चंद्रपूर, २४ जानेवारी २००३

दिव्यानी,

बाबांना चंद्रपूरला आणलं. कसं आणलं ते विचारू नकोस, अर्ध्या रस्त्यात दोनदा बसमधून उतरायला निघाले होते. इथं रुबीनाच्या घरी उतरलो आहोत. तिनं सांगितलं की तू माझी पत्रं वाचतेस आणि परवा फोनवर तिला एवढंच विचारलंस, "कसली गाठ आहे?" एवढंच विचारलंस ना? माझ्यासाठी तेवढं खूप आहे. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढलो.

म्हणून तुला सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा बेरियम पाजलं. पांढरं, घट्ट, खडूच्या पाण्यासारखं. ते गिळायचं आणि त्याच वेळी एक्स-रे काढतात, म्हणजे अन्ननलिकेतून खाली कसं जातं ते दिसतं. बाबा म्हणाले, "घर पोतायचा चुना मले पाजून राह्यले." एक्स-रेवाला म्हणाला, "काका, तोंड वाकडं करू नका, पिऊन टाका." बाबा म्हणाले, "तू पे ना मंग, मी फोटो काढतो."

फोटोत पांढरी धार सरळ खाली येते आणि छातीच्या मध्यात एका बाजूनं दबते. कोणी बाहेरून अंगठा दाबून धरल्यासारखी. मग दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. डॉक्टर म्हणाले, आतलं अस्तर गुळगुळीत आहे, कुठं जखम नाही, गाठ अस्तराच्या मागं आहे, नळीच्या भिंतीतल्या स्नायूत. दुर्बीण टेकवली की गाठ थोडी सरकते. कॅन्सर असा दिसत नाही, बहुतेक साधी गाठ आहे. पण पक्कं नागपूरलाच कळेल.

मी म्हटलं, तुकडा काढून तपासा ना लगेच. आवाज चढला असणार माझा, कारण ते चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले. "काय शिकतोस?" बी.एस्सी., सोडली. "मग अर्धवट शिकलेल्यासारखं नको बोलू. अशा गाठीचा आतून तुकडा काढला तर अस्तराला जखम होते, तिथं चिकटतं. पुढं ऑपरेशनमध्ये गाठ सुटी करताना तेच अस्तर फाटतं. ज्यानं काढायची आहे त्याला ठरवू दे." मी गप्प बसलो. मला कोणी नीट कारण सांगितलं तर मी गप्प बसतो, हे तुला माहीत आहे. कारण सांगत नाहीत तेव्हाच माझं डोकं फिरतं.

बाहेर बाकावर बाबांना सांगितलं, कॅन्सर नसेल म्हणतात. ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "नसन?" मग उठून नळावर गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन मला म्हणाले, "खर्रा आहे का तुझ्याजवळ?"

हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

हेमराज


नागपूर, ८ फेब्रुवारी २००३

दिव्यानी,

सरकारी दवाखान्यात भरती केलं आहे. आवार एवढं मोठं की पहिल्या दिवशी मी एक्स-रे घेऊन निघालो आणि डोळ्यांच्या विभागात पोचलो. सी.टी. झाला. सर्जन मॅडम आहेत, बारीकशा, बोलणं तडकफडक. त्यांनी बाबांच्या खाटेवर बसून कागदावर नळी काढून दाखवली. उजव्या बाजूनं, दोन बरगड्यांच्या मधून छातीत जायचं. त्या बाजूचं फुप्फुस तेवढ्यापुरतं बंद ठेवायचं, एका फुप्फुसावर श्वास चालतो. मग अन्ननलिकेचा वरचा स्नायू उभा चिरायचा आणि गाठ सोलून बाहेर काढायची. अस्तर फाटू द्यायचं नाही. फाटलं तर तिथंच शिवायचं. मग स्नायू परत जोडायचा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साधी गाठ हाय ना जी, बाई?"

"साधीच दिसते आहे."

"मंग राहू द्या ना तिले तिथीच."

मला हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना. कॅन्सर होता तेव्हा, उपयोग नाही म्हणून दवाखाना नको. आता साधी आहे तर गरज नाही म्हणून नको! माय त्यांच्याच बाजूची झाली. "छाती फाडतेत म्हने. मंगलीचं लगन तरी होऊ द्या."

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या गावात रस्त्यात म्हैस बसली तर ती कोणाला खाते का?"

"नाई."

"गाडी जाते का पुढं?"

"हाकलून लावा लागते."

"मग तेच करू या."

तरी सही करेनात. दोन दिवस गेले. मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला बाहेर घालवलं, "बापाले बोलून राह्यला का बैलाले?" मी आवारातल्या चिंचेखाली जाऊन उभा राहिलो आणि स्वतःला विचारलं, हेमराज, तुला ऑपरेशन कोणासाठी पाहिजे? बाप जेवावा म्हणून, का तुझ्या बाबांच्या, मुखरू ढिवराच्या घरी पुरावा दाखवायला? दिव्यानी, दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलं आहे की काय कोणतं तेच कळत नाही.

शेवटी बाबांनी आपणच सही केली. दुपारी वॉर्डात जेवणाची गाडी आली, सगळ्यांच्या ताटात वरण-भात पडला. बाबा त्या भाताकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "बोलाव त्या बाईले."

मंगळवारी आहे. रुबीनाला फोन केला होता. तिनं सांगितलं, तू माझी पत्रं तुझ्या बाबांना वाचून दाखवलीस. ते काय म्हणाले ते मात्र सांगत नाही, तुम्ही सगळ्याजणी मिळून मला मारणार आहात. मास्तरचं काय झालं?

हेमराज


नागपूर, १२ फेब्रुवारी २००३

दिव्यानी,

झालं. बाबा जिवंत आहेत.

सकाळी आत नेलं. माय दाराशी बसून पुटपुटत होती, मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. एका शिपायानं तीनदा हटकलं, चौथ्यांदा भांडलो. मग दार उघडलं आणि मॅडमच्या हाताखालचा डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर आला, बाबांचं नाव घेऊन ओरडला. "वारलूंचे नातेवाईक कोण?" ट्रेमध्ये ती. पांढरट, गुळगुळीत, चिकूपेक्षा मोठी, एका बाजूला वाकडी. मी बोटानं दाबू का विचारलं, तो नको म्हणाला. रबरासारखी असते म्हणाला. एवढ्याशा गोळ्यानं माझ्या बापाला पोळ्यापासून उपाशी ठेवलं, आणि तुला माझ्यापासून तोडलं. मला तिच्यावर रागही येईना. बटाट्यावर कसला राग येतो?

मॅडमनी नंतर सांगितलं, अख्खी सुटली, सोललेल्या फळातून बी निघावी तशी. मग त्या जागी पाणी भरून नळीतून हवा सोडली. बुडबुडे आले नाहीत. म्हणजे अस्तर कुठं फाटलेलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "त्यापेक्षा बाहेरच्या शिपायाची माफी माग." मागितली.

आता छातीतून एक नळी खालच्या बाटलीत गेली आहे, श्वासाबरोबर बाटलीतलं पाणी वरखाली होतं. तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. बाबा ओल्या कापडानं ओठ पुसतात आणि माझ्याकडं असं बघतात, जसं मीच उपाशी ठेवलं आहे.

आणि आज दुपारी वॉर्डाच्या दारात कोण उभं? तुझा भाऊ. डोमाभाऊ! मला वाटलं कॉलरचा हिशेब चुकता करायला आले. मी उठून उभा राहिलो, हात मागं घेतले, म्हटलं मारून घ्या.

"बस ना बे," म्हणाले. "आमच्या बापूनं धाडलं. जा म्हने, पाहून ये, खरंच गाठ होती का पोट्टा गोष्टी सांगून राह्यला."

"होती भाऊ, काल काढली."

"मंग दाखव."

"तपासायला गेली."

"हे पाय, मले गाठ पाह्याची हाय. बापू इचारन तर काय सांगू?"

शेवटी बेरियमचा फोटो काढून दिला. तो खिडकीच्या उजेडात धरून डोमाभाऊ कितीतरी वेळ उभे. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. दबलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथी?" इथं. "इथून भात कसा जाईन गा?" मग बाबांकडं बघितलं. बाबा झोपले होते. डोमाभाऊंचे डोळे भरले, आणि ते दिसू नये म्हणून मला म्हणाले, "तुही माय जेवली का नाई?" ते थांबले आहेत. त्यांची मावससासू इथंच पाचपावलीला राहते.

दिव्यानी, त्यांनी जाता जाता सांगितलं. तू मास्तरला अजून हो म्हटलं नाहीस. तुझे बाबा म्हणाले, डोम्या येऊन काय सांगतो ते पाहू.

मी आज जेवलोच नाही, भूकच लागली नाही.

हेमराज


नागपूर, १९ फेब्रुवारी २००३

दिव्यानी,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता फाडणार नाही.

आधी चांगलं. परवा बाबांना परत औषध पाजून फोटो काढला. धार सरळ खाली गेली, कुठं अडली नाही, कुठं गळली नाही. काल तपासणीचा कागद आला, गाठ साधीच होती. छातीतली नळी काढली. पातळ प्यायला परवानगी मिळाली. बाबांनी वॉर्डातलं दूध घेतलं, एक-एक चमचा, डोळे मिटून, आणि प्रत्येक चमच्याला छातीवर हात नेऊन बघितलं. काही झालं नाही. माय रडली. मी चहा आणला, तोही घेतला. "गोड जास्त हाय," म्हणाले, म्हणजे बरे झाले.

आज डोमाभाऊंनी पाचपावलीहून पेज आणली. त्यांच्या मावससासूनं केलेली, तांदळाची, वर झाकण घट्ट बसवलेला डबा, फडक्यात बांधलेला. डबा बाबांच्या उशाशी ठेवला, "काका, गरम हाय तवर प्या," म्हणाले आणि माझ्याकडची चिठ्ठी घेऊन औषध आणायला गेले.

मी वाटीत ओतली. बाबांसमोर धरली.

"ठेव बाजूले."

"थंड होईल."

"भूक नाई."

दूध मागून घेतलं होतं, दिव्यानी. सकाळपासून दोनदा. मी वाटी धरूनच बसलो. माय कपडे धुवायला गेली होती. मी विचारलं, "बाबा, गिळवत नाही का अजून?"

"गिळवते."

"मग?"

ते खिडकीकडं बघायला लागले. मी वाट पाहिली. मला वाट बघता येत नाही, तुला माहीत आहे, पण पाहिली.

"त्या दिशी," ते म्हणाले, "घास अडकला हे खरं हाय. बाहेर जाऊन थुकलो, ते अडकला म्हनूनच थुकलो. खोटं नाई."

"मला माहीत आहे."

"पन गाठ नसती, तरी म्या जेवलो नसतो बाबू. दोन घास चिवडले असते न् पोट भरलं म्हनून उठलो असतो. निघतानाच ठरवलं होतं."

मी म्हटलं, "मग सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं कुठी? तू आपनच ठरवलं, गाठीमुळं म्हनून. मले बी बरं वाटलं. लोक बी तसंच म्हनाले. मी म्हटलं, चालू दे."

मग ते हळू म्हणाले, टाके दुखत असताना बोलतात तसं, थांबत थांबत. "पोरगी वाईट नाई. मुखरू बी माणूस चांगला. तू लगन कर, मी आडवा येत नाई. पन हे माह्याच्यानं होत नाई. हात तोंडापर्यंत जात नाई. लहानपनापासून नाई गेला." आणि शेवटी, "डोम्याले सांगू नको. आला बिचारा इतक्या दुरून."

मला वाटलं होतं मी ओरडेन. वाटी भिंतीवर मारेन. छाती शिवलेल्या माणसावर कसं ओरडायचं? मी ती पेज त्यांच्यासमोर बसून प्यालो, डबाभर. मीठ बरोबर होतं. ते बघत होते. नजर काढून घेतली नाही, तेवढं मात्र म्हणेन.

डोमाभाऊ आले, रिकामा डबा बघून खूश झाले. "पेले ना काका? पाय, म्हनलं नव्हतं!" बाबा माझ्याकडं बघायला लागले. मीही बाबांकडं. मी रिकामा डबा फडक्यात बांधायला लागलो. डोमाभाऊ उद्या सकाळच्या बसनं निघतात. गावी पोचल्यावर ते तुझ्या बाबांना सांगतील, गाठ खरी होती, आमच्या घरची पेज प्याले, माणसात खोट नाही. तुझे बाबा मास्तरच्या घरी नाही म्हणून कळवतील. मी गप्प बसलो की झालं. आज दुपारपासून हे माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरतं आहे, मी गप्प बसलो की झालं. व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की त्या शिपायानं आता स्टूल आणून दिलं.

पण तू मला चिठ्ठीत काय लिहिलं होतंस? आणि मी तुला त्याच घरात त्या गाठीच्या भरवशावर आणणार? मग एखाद्या सणाला तू बाबांच्या पुढ्यात ताट ठेवशील, ते दोन घास चिवडून उठतील आणि तेव्हा दाखवायला माझ्याकडं फोटो नसेल.

म्हणून सांगितलं. त्या घराबद्दल तुझं म्हणणं बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून. मीच मध्ये डॉक्टर झालो.

बाबांना मी सोडणार नाही. टाके निघेपर्यंत इथं राहीन, मग घरी पोचवीन, मंगलीच्या लग्नात वाढपी म्हणून राबेन. राग आहे, आणि रोज सकाळी त्यांचं तोंडही मीच पुसतो, दोन्ही चालू आहे. पण राहायला मोहर्लीलाच जाणार. वहाबभाई जीप पूर्ण माझ्यावर सोडतो म्हणतात, लायसन्स निघालं की. तलावाच्या वाटेवर एक खोली आहे, पत्र्याची. तिथं चूल कोणाची आणि हात कोणाचा हे विचारणारं कोणी नाही. घराबद्दलचं तुझं उत्तर मला मिळालं आहे. हेमराजबद्दलचं तू कधी दिलं नाहीस. तेवढंच विचारतो. मास्तर तुला आवडला असेल तर तसं लिही, मी जीप झाडावर घालणार नाही. एखादी भिंत ठोकेन फार तर.

या पाकिटावर रुबीनाचं नाव टाकलेलं नाही. डोमाभाऊंच्या हातात देतो आहे. ते खाली चहाच्या टपरीवर बसले आहेत, मला हाक मारून राह्यले, "ये ना बे, चाय थंडी होऊन राह्यली." पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांनी बसमध्ये वाचलं तर वाचू दे, आणि माझ्या समोरच वाचलं तर जास्त बरं.

हेमराज